घरभर एकाच ठेक्यात: लिरियन, पाय झीरो आणि चार खोल्यांची नोंदवही

घरभर एकच संगीत एकाच वेळी वाजावं म्हणून केलेल्या जोडणीची ही नोंद. आजची स्थिती: हॉल, स्वयंपाकघर आणि दोन्ही बेडरूम चालू आहेत, बाल्कनी बाकी. सर्व्हर म्हणून २ जीबीचा रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर (साठवलेलं संगीत खोल्यांना पुरवणारा प्रोग्राम) आणि यूएसबीला जोडलेला १ टीबीचा एसएसडी. हॉलमध्ये पाय ३बी प्लस, बाकी तीन खोल्यांत त्याचंच छोटं भावंड झीरो २ डब्ल्यू. सगळ्या प्लेअरवर पायकोअरप्लेअर, म्हणजे पायला संगीत-प्लेअर बनवणारी छोटी प्रणाली.

हीच जोडणी का

खोल्या एका वेळेत ठेवणं हे या छंदातलं मुख्य काम. स्पीकरची निवड त्यानंतर येते. प्रत्येक प्लेअर आपापल्या क्रिस्टलच्या घड्याळावर चालतो आणि दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. फरक दहा लाखांत फक्त २० भागांचा धरला तरी तासाभरात दोन खोल्या ७२ मिलिसेकंदांनी एकमेकींपासून सरकतात. दोन्ही स्पीकर एकाच क्षणी सुरू केले म्हणजे झालं, असं त्यामुळे होत नाही. वाजत असतानाही कुणीतरी सतत मोजत आणि सांधत राहावं लागतं. ब्लूटूथ स्पीकर जोडून घरभर संगीत करायचे प्रयत्न फसतात ते इथेच. तिथला विलंब साधारण १५० ते २५० मिलिसेकंद असतो आणि पुन्हा जोडलं की बदलतो, मग भरपाई तरी कितीची करणार?

सोनोस, एअरप्ले २, गूगल कास्टचे स्पीकर-गट हे सांधण्याचं काम चोख करतात. ज्यांना हातात सोल्डरिंग गन घ्यायची नाही त्यांनी यांतलं एक निवडावं आणि घरभर तेच ठेवावं. दोन पद्धतींची सरमिसळ केली की वेळ जुळत नाही. आपली अडचण या यंत्रांच्या आयुष्याची आहे. क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आला आणि २०१९ च्या जानेवारीत बंद झाला. उलट लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हा नेटवर्कवरचा संगीत-प्लेअर २०१२ मध्येच थांबवला, तरी त्याचा सर्व्हर मुक्त स्रोत असल्यामुळे ते जुने डबे आजही वाजतात. २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवा बंद झाली आणि त्याच वर्षी सर्व्हरने लिरियन हे नाव घेतलं. यंत्र बनवणाऱ्याने हात काढून घेतल्यावरही इतकी वर्षं टिकलेली ही एकच व्यवस्था माझ्या माहितीत आहे आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

स्नॅपकास्ट या दुसऱ्या प्रोग्रामचा विचार पहिल्यापासून होता, तोही सगळ्या खोल्यांत एकाच वेळी आवाज पोचवतो. वेळ जुळवण्यात तो सरस आहे, एका मिलिसेकंदाच्याही आत राहतो. पण त्याचा बफर, म्हणजे आगाऊ भरून ठेवलेला साठा, मुळात १,००० मिलिसेकंदांचा. वाय-फाय दीड सेकंद गळालं की आवाज तुटलाच. पायकोअरप्लेअरमधल्या स्क्वीझलाइट या वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन बफर असतात: येणाऱ्या प्रवाहासाठी २,०४८ केबी आणि उलगडलेल्या आवाजासाठी ३,४४६ केबी. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक (दर्जा न गमावता आकुंचित केलेली फाइल) सेकंदाला साधारण १०० केबी खातं, म्हणजे पहिल्यात वीसेक सेकंद आणि दुसऱ्यात दहा सेकंद संगीत आधीच भरलेलं असतं. आपल्याकडच्या वाय-फायला ही शिदोरी फार उपयोगाची. साठवलेलं संगीत असेल तर लिरियन, थेट येणारा आवाज असेल तर स्नॅपकास्ट, असा सरळ निवाडा.

वाय-फाय आणि भिंती

झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झ येतं, हे विकत घेण्याआधी लक्षात घ्या. इमारतीत शेजाऱ्यांचे दहा-बारा राउटर त्याच पट्ट्यात असतात. राउटरचं चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळं निवडून पक्कं करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केलं की आकडे मोठे दिसतात आणि आवाज जास्त तुटतो.

मायवान पद्धतीच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या) टॉवरमध्ये आतल्या भिंतीही सळईसकट काँक्रीटच्या असतात. चार इंची विटांच्या पार्टिशनमधून सहज जाणारा सिग्नल तिथे दुसऱ्या भिंतीला दम तोडतो. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींचंही तेच. प्लेअर ठेवायच्या नेमक्या जागी सिग्नल मोजा, हातात फोन धरून खोलीच्या मध्यभागी नको. उणे ६५ डीबीएमपर्यंत (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) निर्धास्त, उणे ७५ च्या खाली गेला की जागा बदला. झीरोचा अँटेना बोर्डावरच छापलेला आहे, म्हणून पत्र्याची पेटी, स्टीलची मांडणी आणि टीव्हीची पाठ या तिन्ही जागा वर्ज्य.

प्लेअर सर्व्हरच्या यादीत दिसतच नसेल तर आधी तो पाहुण्यांच्या नेटवर्कवर गेला आहे का ते तपासा. ते नेटवर्क उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. सर्व्हरला राउटरमधून कायमचा आयपी बांधून द्या आणि स्क्वीझलाइटच्या सेटिंगमध्ये तो लिहा. मग शोधाशोधीवर विसंबावं लागत नाही. सर्व्हरवर फायरवॉल असेल तर ९००० आणि ३४८३ हे पोर्ट उघडे हवेत, दुसरा टीसीपी आणि यूडीपी दोन्हीसाठी. थोडा वेळ गप्प राहिलेला प्लेअर यादीतून गायब होत असेल तर वाय-फायची पॉवर सेव्ह चालू राहिली आहे.

डॅकची जांभळी पाटी

डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप. पीसीएम ५१०२ए चिपची ही पाटी स्वस्त आहे आणि तिचा आवाज किमतीच्या मानाने फारच स्वच्छ. पाटीवरच्या पिनांच्या नावांप्रमाणे जोडणी अशी: व्हीआयएन झीरोच्या २ नंबरच्या पिनला (५ व्होल्ट), ग्राउंड ६ ला, बीसीके १२ ला, एलसीके ३५ ला, डीआयएन ४० ला. तारा १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. लांब जंपर वायर लावल्या की मधूनच चिरचिर येते.

सहावी पिन एससीके. पाय तिला घड्याळ पुरवत नाही, चिप स्वतःच बीसीकेवर येणाऱ्या ठोक्यांवरून आपलं घड्याळ बनवते. पण त्यासाठी एससीके ग्राउंडला टेकलेली हवी. पाटीच्या पुढच्या बाजूला त्या पिनच्या शेजारी दोन बारके ठिपके आहेत, त्यांवर कथिलाचा एक थेंब टाकून ते जोडा. ती मोकळी राहिली तर कधी शांतता, कधी खरखर, कधी अगदी नीट, असा खेळ चालतो आणि माणूस दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो.

मागच्या बाजूला चार जागी तीन-तीन ठिपके आहेत. १, २ आणि ४ ‘एल’कडे जोडलेले हवेत, ३ ‘एच’कडे. तिसरा म्हणजे म्यूट. तो ‘एल’ राहिला किंवा लोंबकळत राहिला तर सगळं बरोबर असूनही आवाज शून्य. काही पाट्यांवर हे जोड कारखान्यातूनच येतात, काहींवर नाही. भिंग घेऊन बघा आणि मल्टिमीटरने खात्री करा.

पायकोअरप्लेअरमध्ये आउटपुट म्हणून साधा हायफायबेरी डॅक निवडला की हीच पाटी चालते. हिला स्वतःचा व्हॉल्यूम नाही, तो सॉफ्टवेअर करतं. म्हणून ॲम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) असा लावा की रोजचा आवाज सॉफ्टवेअरच्या ७० ते ९० टक्क्यांत बसेल. २० टक्क्यांवर ऐकावं लागत असेल तर ॲम्पची घरघर संगीताच्या बरोबरीला येते.

ॲम्प आणि ती किर्र

ॲम्पसाठी टीपीए ३११६ चिपचा बोर्ड, वीज जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्ट, ६५ वॉटच्या ॲडॉप्टरवरून. ८ ओहमच्या स्पीकरला यातून वीसेक वॉट मिळतात, घरातल्या खोलीला भरपूर. त्याच ॲम्पला १२ व्होल्ट दिले तर नऊच वॉट, आणि पखवाजाच्या डाव्या थापेला ते कमी पडतात.

इथे सगळ्यांची एकच चूक होते. १९ व्होल्टमधूनच बक कन्व्हर्टरने (व्होल्ट उतरवणाऱ्या पाटीने) ५ व्होल्ट काढून झीरोला द्यायचे, म्हणजे एकाच प्लगमध्ये काम. लगेच स्पीकरमधून बारीक किर्र सुरू होते. वाय-फायवर डेटा आला की ती वाढते, गाणं बदललं की तिचा सूर बदलतो. कारण ग्राउंडचे दोन रस्ते झाले: एक विजेच्या तारेतून, दुसरा डॅक ते ॲम्पच्या ऑडिओ वायरच्या जाळीतून. झीरो खात असलेल्या करंटचा काही भाग त्या जाळीतून परत जातो आणि ॲम्प त्यालाच संगीत समजून मोठं करतो.

खात्रीची चाचणी: झीरोला पॉवर बँकवर चालवा. किर्र गेली तर निदान पक्कं. उपाय दोन. झीरोला स्वतंत्र ५ व्होल्ट, अडीच अँपिअरचा ॲडॉप्टर द्या, किंवा मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्ज खातात, म्हणून चारही खोल्यांत पहिला उपाय केला आहे. यूएसबी केबल मात्र चांगली घ्या. बारीक तारेत व्होल्टेज पडून ४.६३ च्या खाली गेलं की हॉलमधला ३बी प्लस कमी दाबाची नोंद तरी करतो, झीरोत ती सोय नाही, तो नुसताच अडखळायला लागतो.

स्पीकरची तार दीड एमएमची (छेद दीड चौरस मिलिमीटर), इलेक्ट्रिशियनकडे मिळते तीच. १० मीटरच्या अंतराला, जाणारी आणि येणारी दोन्ही तार धरून, तिचा रोध पाव ओहमच्या आत राहतो. पाऊण एमएम घेतली तर अर्धा ओहम होतो.

वेळ जुळवणं

कानाला काय चालतं ते आधी. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३५ सेंटिमीटर जातो, म्हणजे शेजारच्या खोलीतला सहा मीटरवरचा स्पीकर तसाही १७ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तीसेक मिलिसेकंदांपर्यंत मेंदू दोन्ही आवाज एकच मानतो, पुढे प्रतिध्वनी वेगळा पडतो. तपासायला तबला सगळ्यात उत्तम. दोन खोल्यांच्या दारात उभं राहा आणि दायाँच्या किनारीवरचा ‘ना’ ऐका. वेळ जुळलेली असेल तर एकच टोकदार टणत्कार येतो. थोडी सरकली की तो जाड, बोथट होतो. आणखी सरकली की ‘तिरकिट’चे बोल एकमेकांत मिसळून नुसता खडखडाट उरतो.

आकड्यासाठी ऑडॅसिटी, हा आवाज रेकॉर्ड करून तपासायचा प्रोग्राम. ६० च्या लयीचा ठोक्यांचा ट्रॅक तयार करून फ्लॅकमध्ये साठवा, दोन्ही प्लेअर एका गटात घ्या, दोन्ही स्पीकर तात्पुरते एकाच टेबलावर आणा आणि फोन दोघांपासून समान अंतरावर ठेवून ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. मोठं करून पाहिलं की प्रत्येक ठोक्याची दोन शिखरं दिसतात. मधले ४८ नमुने म्हणजे १ मिलिसेकंद. दर वेळी सुरुवात थोडी वेगळी पडते, म्हणून पाच वेळा थांबवून-सुरू करून मधला आकडा धरा. लिरियनमध्ये उशिरा वाजणाऱ्या प्लेअरच्या सिंक्रोनायझेशनच्या पानावर ऑडिओ डिले या रकान्यात तो लिहा.

एकसारख्या झीरो-डॅक जोड्यांना शून्यच पुरतो. हॉलमधला प्लेअर टीव्हीच्या साउंडबारला जोडलेला असेल तर मात्र आकडा भरावाच लागतो, कारण साउंडबार आत प्रक्रिया करून आवाज उशिरा सोडतो. तिथे त्याचे सगळे ‘सराउंड’ प्रकार आधी बंद करा.

त्याच पानावर किमान किती फरक पडल्यावर दुरुस्ती करायची ती मर्यादा आहे. ती अगदी खाली आणायचा मोह टाळा. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे आवाजाची कणभर काटछाट. ऑर्केस्ट्रात ती लपते, पण आलापीत तानपुरा एकटाच झंकारत असताना स्पष्ट टोचते. चाचणीला तानपुऱ्याचा दहा मिनिटांचा ट्रॅक ठेवाच.

एकाच खोलीत डावा स्पीकर एका प्लेअरवर आणि उजवा दुसऱ्यावर, असं करू नका. तिथे एका मिलिसेकंदानेही गायक मधून बाजूला सरकतो. एका खोलीला एक डॅक आणि पुढे तारा.

वीज गेल्यावर

पायकोअरप्लेअर सुरू झाला की पूर्ण रॅममध्ये चालतो आणि एसडी कार्डाला हात लावत नाही. म्हणून थेट वीज गेली तरी कार्ड खराब होत नाही. आपल्याकडच्या भारनियमनात याहून मोठा गुण नाही. कमांड लाइनवरून काही बदललं तर मात्र ‘पीसीपी बीयू’ ही आज्ञा द्या, नाहीतर पुढच्या वेळी बदल पुसलेला असेल. सर्व्हरच्या एसएसडीला हा दिलासा नाही, त्यामुळे सर्व्हर आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. खोल्या बंद पडल्या तरी या दोन गोष्टी जाग्या असल्या की वीज आल्यावर प्लेअर आपोआप परत जोडले जातात.

संग्रहाबद्दल थोडंसं

जुन्या एमपी३ मधली देवनागरी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात, कारण टॅगचा (फाइलमध्येच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीचा, आयडी३) पहिला प्रकार युनिकोड जाणत नाही आणि ३० अक्षरांत तोडतो. तो पुसून फक्त दुसरा ठेवा. ‘पं.’ आणि ‘पंडित’ असे दोन्ही प्रकार असले की एकच गायक यादीत दोनदा येतो. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असलेल्या सीडींसाठी क्रॉसफेड (एक ट्रॅक विरत असताना पुढचा चढवणं) बंद हवा आणि फाइल फ्लॅक हवी, तरच सम न तुटता पुढे जाते.

पुढचा टप्पा

तबकडीचा आवाज घरभर न्यायचा आहे, आणि त्यासाठी स्नॅपकास्टच. फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा), त्यानंतर यूएसबी साउंड कार्डची लाइन-इन, ते सर्व्हरला, तिथून १७०४ पोर्टवरून खोल्यांना. पायकोअरप्लेअर बाजूला ठेवून, ज्या खोलीत हा आवाज हवा तिथे वेगळ्या कार्डावर स्नॅपक्लायंट (स्नॅपकास्टचा खोलीतला भाग) चालवून बघायचं ठरलं आहे. सुई टेकल्यावर आवाज सगळीकडे एक सेकंद उशिरा येईल. म्हणून टर्नटेबल असलेल्या हॉलमध्ये ॲम्पला थेट तार देऊ नका. तो स्पीकरही स्नॅपक्लायंटवरूनच वाजवा, नाहीतर हॉल बाकी घराच्या एक सेकंद पुढे धावेल.