प्लास्टिक सर्जरी म्हणजे गोरं व्हायला नसते हो!

बाबांच्या पायावरून टेम्पोचं चाक गेलं. हाड वाचलं पण घोट्यापुढची कातडी सोलून निघाली, आतलं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, पांढरं चमकत होतं, मी एकदाच बघितलं, परत हिंमत झाली नाही. सर्जन म्हणाले उघड्या टेंडनवर नुसतं कातडीचं ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेली कातडी, धरत नाही, खालून रक्त मिळत नाही ना, म्हणून आधी जाळी बसवू. गाईच्या कोलॅजनची, त्यात शार्कच्या कूर्चेतलं काहीतरी, वरून सिलिकॉनचा पापुद्रा. आपल्याच पेशी आणि रक्तवाहिन्या त्या जाळीत शिरतात, जाळी विरत जाते, तीनेक आठवड्यांनी सिलिकॉन काढून मांडीची पातळ कातडी लावायची. आई माळकरी, गाईचं ऐकून गप्पच झाली. बाबाच म्हणाले, पाय माझाय, बसवा.

ऑपरेशन नीट झालं. अडकलं ते मेडिक्लेममध्ये.

कॅशलेसला विमा कंपनीचं उत्तर आलं, 'कॉस्मेटिक प्रोसिजर, पॉलिसीत बसत नाही.' अडुसष्ट वर्षांचा माणूस, पायाचं मांस दिसतंय, आणि कॉस्मेटिक! कारण काय तर डॉक्टरांच्या लेटरहेडवर 'प्लास्टिक अँड कॉस्मेटिक सर्जरी' छापलंय. जखम काय थांबते का, म्हणून डिपॉझिट भरून करून घेतलं होतं, पण पुढचं बिल डोक्यावर होतंच. सहा दिवस मी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स काउंटरसमोर. रोज तेच, "सर, क्वेरी आलीये." एकदा विचारलं ही जाळी कन्झ्युमेबल आहे का, म्हणजे हातमोजे आणि कापसाच्या रांगेत. एकदा जखमेचा ऑपरेशनआधीचा फोटो मागितला, माझ्याकडे सगळे पट्टी बांधलेले फोटो, शेवटी कॅज्युअल्टीतल्या सिस्टरच्या मोबाईलमध्ये एक सापडला. तुम्ही पहिल्याच दिवशी काढून ठेवा, तारखेसकट, कितीही घाण वाटलं तरी.

सहाव्या रात्री वैतागून पॉलिसीचं बारीक अक्षर वाचलं. एक्सक्लुजन कोड ०८, कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी मिळणार नाही, *पण* अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर मिळते. तिथेच लिहिलंय की राव! सकाळी डॉक्टरांकडून साध्या कागदावर तेच शब्द लिहून घेतले, अपघातानंतरची पुनर्रचना, टेंडन उघडं, सोबत एमएलसीची, म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेल्या अपघाताच्या नोंदीची, कॉपी. दुपारी मंजूर. मला आनंद कमी, राग जास्त आला.

हां, जाळीच्या खोक्यावरचा बारकोडवाला स्टिकर केसपेपरवर चिकटवून घ्या आणि इनव्हॉइस वेगळं मागा, आमचं खोकं जवळपास कचऱ्यात गेलं होतं. आणि मांडीची जागा पायापेक्षा जास्त ठणकते, हे कोणी आधी सांगत नाही.

ड्रेसिंगला सिलिकॉनखालून रंग दिसायचा. आधी लालभडक, मग गुलाबी, शेवटी जर्दाळूसारखा. डॉक्टर म्हणाले, धरलं.

डिस्चार्जच्या दिवशी फायनल अप्रूव्हल संध्याकाळी पावणेआठला आलं. हातमोज्यांचे पैसे कापलेच.