स्लॅबमधला मॅजेंटा चौकोन

काँक्रीट कापायचं कोअर कटिंगचं मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर यायचं होतं. आदल्या दुपारी ठेकेदाराचा फोन आला. "मॅडम, हा बीम कापायचाय हे नक्की ना? एकदा स्ट्रक्चरल कन्सल्टंट साहेबांशी बोलून घ्या. कापला की कापला."

कऱ्हाडजवळची एक शाळा. तळमजला आणि वर एक मजला, १९९८ सालचं बांधकाम, नकाशे आमच्याच आर्किटेक्ट ऑफिसचे. आता त्यावर दुसरा मजला चढवायचा होता आणि लिफ्ट बसवायची होती. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आल्यावर संस्थेला तो विषय पुढे ढकलता येत नव्हता, आणि चाकाच्या खुर्चीवरून येणारी एक मुलगी यंदा आठवीत गेली होती. आठवीचा वर्ग वर.

आमच्या ऑफिसातल्या पोरांनी लेझर स्कॅन करून रेव्हिट या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खी इमारत उभी केली होती. काम खरंच चोख होतं. लिफ्ट त्यांनी जिन्याशेजारी घेतली होती, कारण दुसरीकडे कुठे जागा दिसत नव्हती. त्यासाठी एक दुय्यम बीम कापायचा आणि दोन कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती काँक्रीटचं वाढीव आवरण, करायचं, असं ठरलं होतं. खर्च मोठा, आणि सुट्टीत काम संपेल याची खात्री नाही.

मला राहून राहून एक गोष्ट खटकत होती. आमचे सर शाळा, दवाखाना असं काही केलं की लिफ्टची सोय करून ठेवल्याशिवाय राहायचे नाहीत. पैसे आज नसले तरी उद्या येतील, स्लॅब मात्र उद्या नव्याने पडणार नाही, असं म्हणायचे. या शाळेचं काम एक सहकारी बघायचे, मी तेव्हा दुसऱ्या साइटवर होते. सर आता नाहीत आणि त्या सहकाऱ्यांशी संपर्क राहिलेला नाही.

"जुनी फाईल बघितलीत का रे?"

"हो मॅम, मॉडेलला लिंक आहे की." त्याने उघडून दाखवली. सगळ्या रेषा काळ्या. नकाशे काढायच्या ऑटोकॅड सॉफ्टवेअरची फाईल रेव्हिटमध्ये आणताना रंगांचे पर्याय विचारले जातात, त्यातला काळा-पांढरा त्याने निवडला होता. मॉडेलखाली नुसता आधार म्हणून नकाशा हवा असेल तर सगळे तेच करतात, त्यात त्याची काही चूक नव्हती. पण त्या फाईलमध्ये निम्मी माहिती रंगांतच होती, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी १९९४ साली कामाला लागले तेव्हा ऑफिसात ड्रॉइंग बोर्ड होते आणि एका खोलीत डॉसवर चालणारं ऑटोकॅड रिलीज १२. बोर्डावर रेषेची जाडी हातातल्या रोटरिंग पेनावर ठरायची: ०.२, ०.४, ०.६. चुकलं की ट्रेसिंग ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं. कॉम्प्युटरवर रेषेला जाडीच नव्हती, असायचा तो फक्त रंग. पेनाने नकाशा काढणाऱ्या यंत्राच्या, पेन प्लॉटरच्या, चकरीत कुठल्या खाचेत कुठलं पेन हे आधी ठरवायचं आणि मग लाल म्हणजे बारीक, हिरवा म्हणजे मध्यम असं चालायचं. रेषेला स्वतःची जाडी ऑटोकॅड २००० पासून देता यायला लागली, पण तोवर रंगांची सवय पक्की झाली होती आणि प्रत्येक ऑफिसची रंगांची बोली वेगळी. आमच्याकडे मॅजेंटाला, म्हणजे गडद गुलाबी रंगाला, पेन नव्हतंच. तो रंग कागदावर उमटायचाच नाही. 'आज बांधायचं नाही, पण लक्षात ठेवायचं' असं जे काही असेल ते मॅजेंटात.

मूळ फाईल मी ऑटोकॅडमध्येच उघडायला लावली. रिलीज १४ची फाईल होती. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची, फाईल कुठल्या काळातली हे तिच्या पहिल्या सहा अक्षरांतच लिहिलेलं असतं, इथे 'एसी १०१४' होतं. आजच्या ऑटोकॅडमध्ये ती कुरकुर न करता उघडली. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर, खालच्या प्रयोगशाळेच्या बरोबर वर, २.५ बाय १.९ मीटरचा मॅजेंटा चौकोन होता. जिन्यापासून बराच लांब, व्हरांड्याच्या टोकाला. चौकोनातून एक बाण बाहेर आला होता आणि बाणाच्या टोकाशी चार ओळी. वाचायला गेलो तर रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी.

पोरांना वाटलं फाईल खराब झाली आहे. तसं नव्हतं. सर साइटसाठीच्या सूचना मराठीत लिहायला लावायचे, सेंट्रिंगवाल्याला आणि सळईच्या फिटरला स्वतः वाचता याव्यात म्हणून. त्या काळी युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेले फाँट असायचे. फाईलमध्ये साठायचं रोमन अक्षर, 'क' किंवा 'म' दिसायचा तो फाँटमुळे. फाँट गेला की मजकूर जागच्या जागी असूनही वाचता येत नाही. मॉडेलमध्ये तर हा मजकूर कचरा समजून लपवून टाकला होता.

फाईलमधल्या टेक्स्ट स्टाइलच्या यादीत फाँटचं नाव शाबूत होतं: शिवाजी ०१. आमच्या एकाही मशीनवर तो नव्हता. मग आठवलं, नारायण पेठेत लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले अजूनही जुन्या फाँटांवरच काम करतात. पोराला पेन ड्राइव्ह देऊन पिटाळलं. अर्ध्या तासात तो परत आला, फाँट टाकला, फाईल पुन्हा उघडली.

"हा स्लॅब पुढे लिफ्टसाठी काढायचा आहे. चारही बाजूंचे बीम आधी भरणे. या स्लॅबची सळई बीममध्ये गुंतवू नये. खाली पिट (खड्डा) करून मुरुमाने भरून ठेवणे."

पोरं गप्प झाली. माझा आवाज चढला असावा, कारण मी एकाच वेळी कन्सल्टंटना फोन लावत होते आणि ठेकेदाराला मशीन थांबवायला सांगत होते. कन्सल्टंट म्हणाले, "कागदावर आहे, बांधलंय का ते बघू." त्यांचं बरोबर होतं. स्कॅनमध्ये हे बीम का आले नाहीत, तेही तेव्हाच कळलं. प्रयोगशाळेला मागाहून फॉल्स सीलिंग केलं होतं आणि स्कॅन तिथेच अडला होता.

सकाळी आम्ही सगळे साइटवर. फॉल्स सीलिंगच्या सहा फरश्या उतरवल्या. वर चार बीमांची चौकट, तिच्या खाचेवर टेकलेला वेगळा स्लॅब, आणि कडेने बोटभर सांधा, प्लास्टर न केलेला. कन्सल्टंटनी शिडीवर चढून काँक्रीटमधली सळई शोधणारा रीबार लोकेटर कडेने फिरवला. सळई सांध्यापाशी संपत होती. फरशी उकरून दोन फूट खणलं तर मुरूम लागला. जिन्याजवळचा बीम कापायचा बेत तिथेच रद्द झाला. १३ माणसांची लिफ्ट आणि ९०० मिमीचं दार त्या चौकोनात नीट बसतं, हे पोरांनी टॅबवर लगेच तपासलं.

मला नव्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही. स्केचअप असो की रेव्हिट, प्रत्येकाने माझं काम सोपं केलं, आणि मंजुरीच्या नकाशांचे ठरलेले लेअर वापरायलाही मी शिकले. माझा आग्रह एवढाच असतो की ऑफिसची बोली नकाशावरच शब्दांत लिहून ठेवावी: कुठला रंग कशासाठी, कुठली रेष आजची आणि कुठली उद्याची. फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाते तेव्हा रेषा जातात. त्यामागचं ठरलेलं काही आपोआप जात नाही.

त्या आठवड्यात आम्ही सरांच्या काळातल्या फायली बाहेर काढल्या. मराठी सूचना युनिकोडमध्ये पुन्हा लिहितोय आणि प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात रंगांचा तक्ता टाकतोय. काही फायलींत दुसराच फाँट आहे आणि तो डीटीपीवाल्यांकडेही मिळालेला नाही. त्यातल्या एका दवाखान्याला पुढच्या वर्षी मजला वाढवायचाय, म्हणून शोध चालू आहे.