तारीख नका विचारू, तेलाचं बघा

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तो मेसेज फिरून राहिला आहे. प्रभू येशू अमक्या महिन्यात परत येणार, आकाशात अमुक चिन्ह दिसलं, आता वेळ उरली नाही, लवकर सगळ्यांना पाठवा. कापूस वेचायचे दिवस आहेत, बाया दिवसभर शेतात कंबर मोडून घरी येतात आणि रात्री हे वाचून घाबरतात. शेजारच्या काकूनं मला सरळच विचारलं, "खरं हाये का रे बाप्पा? मंग तुरीले पानी कायले द्याचं?"

पाणी द्यायचंच आहे काकू. येशूनं स्वतः सांगितलंय (बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, 24:36) की तो दिवस, ती घटका कोणालाच माहीत नाही, स्वर्गातल्या दूतांनाही नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना लोक तारखा काढत राहतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण भोगतात ते साधे भोळे लोक. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या मागे गेलेले हजारो जण 22 ऑक्टोबर 1844 ची वाट बघत बसले होते, त्यातल्या काही शेतकऱ्यांनी उभं पीक शेतातच सोडलं होतं. दिवस उजाडला आणि मावळला. हॅरॉल्ड कॅम्पिंगनं रेडिओवरून 21 मे 2011 सांगितली, तेव्हाही तेच झालं.

आणि हे नवीन नाही. बायबलच्या काळात थेस्सलनीका शहरातल्या मंडळीतही अशीच अफवा उठली होती की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच, आणि प्रेषित पौलाला लिहावं लागलं की आमच्या नावानं पत्र आलं तरी घाबरून जाऊ नका. त्याच पत्रात पुढं तो कामधंदा सोडून फिरणाऱ्यांना चांगला दम भरतो, ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये म्हणतो. म्हणजे प्रभूची वाट बघणारा माणूस शेतात दिसला पाहिजे.

मग तयारी म्हणजे काय? मत्तय 25 मधला दहा कुमारींचा दाखला वाचा. त्या दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघाल्या, पाच शहाण्यांनी जास्तीचं तेल सोबत घेतलं, पाच मूर्खांनी घेतलं नाही. वराला यायला उशीर झाला. आपल्याकडं पत्रिकेत मुहूर्त साडेअकराचा असतो आणि वरात डीजेसमोर नाचत नाचत दोन वाजवते, तसंच काहीसं. आता पाचवं वचन नीट बघा, उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणींना डुलकी लागली आणि त्या झोपी गेल्या, शहाण्या पाच जणीसुद्धा! येशू त्यांच्या झोपेला कुठं नाव ठेवत नाही. म्हणून रात्र रात्र भीतीनं जागणं म्हणजे तयारी नाही, बिनधास्त झोपा. फरक पडला तो तेलाचा, आणि ते आधी भरून ठेवलेलं होतं.

मूर्ख पाच जणींनी तेल मागितलं तर शहाण्यांनी दिलं नाही, हे बऱ्याच जणांना खटकतं, युथ मीटिंगमध्ये पोरं दरवेळी विचारतात. मला वाटतं ते तेल देता येण्यासारखं नव्हतंच. माझी आजी रोज पहाटे गुडघे टेकायची, पण तिच्या प्रार्थनेवर माझा दिवा चालत नाही, मला माझं भरावं लागतं, बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट पेटीत ठेवून ते भरत नाही.

ते कशानं भरतं हे त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. शेवटच्या न्यायाच्या वेळी, मेंढरं आणि शेरडं वेगळी करावी तसं लोकांना वेगळं करताना राजा कोणाला तारखेचं विचारत नाही, भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याला भेटलात का, एवढंच. आणि नीतिमान लोक उलट विचारतात की प्रभू, हे आम्ही कधी केलं? त्यांनी हिशोबच ठेवला नव्हता. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आपल्या मंडळीतल्या एक मावशी तालुक्याच्या दवाखान्यात ॲडमिट आहेत, सोबत फक्त म्हातारे काका. सध्या आळीपाळीनं डबा चाललाय, ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून, वरण, आणि काकांसाठी वेगळा ठेचा, कारण मावशींना तिखट बंद केलंय. सकाळच्या एसटीनं जाणारं कोणी ना कोणी असतंच. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत, ज्यांना जमेल त्यांनी रविवारी उपासना झाल्यावर मला सांगा. काकू, तुम्ही आधी तुरीचं पाणी उरका, तुमचा नंबर पुढच्या आठवड्यात धरतो.