शिकार न करणारीला शिकाऱ्यांचं एवढं काय?

पुण्याहून किंवा नाशिकहून कुणी आमच्याकडे, अमेरिकेतल्या ॲरिझोनात टूसॉनला, आलं की दोन-चार दिवसांत हा प्रश्न येतोच. घरात कुणी मांस खात नाही, मी बंदूक कधी हातात धरलेली नाही, आणि तरीही भिंतीवर लांब कानांच्या शिकारी कुत्र्यांचे जुने फोटो लावलेले. बॉबकॅट (इथलं रानमांजर) आणि प्यूमा (डोंगरातलं मोठं, बिनठिपक्यांचं मांजर) यांच्या मागे कुत्री सोडणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल मी बोलायला लागले की थांबत नाही, अशी माझी ख्याती आहे. इथल्या प्राणिप्रेमी मैत्रिणीही हेच विचारतात, फक्त जरा कडक आवाजात. चहा संपेपर्यंत उत्तर कधीच पुरं होत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत तर एकदा सविस्तरच लिहिते.

पहिलं कारण म्हणजे 7 मार्च 1996 चा दिवस. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या हद्दीवरच्या पेलोनसियो डोंगरांत वॉर्नर ग्लेन खेचरावर बसून आपल्या कुत्र्यांमागे चालले होते. डग्लस गावाजवळ पिढ्यानपिढ्या गुरं पाळणारं त्यांचं घराणं, आणि प्यूमाची शिकार ही घरात चालत आलेली. कुत्र्यांनी एका कड्यावर जनावर कोंडलं. ग्लेन पोचले तर समोर प्यूमा नव्हता, ठिपक्यांचा जॅग्वार होता. त्यांनी कॅमेरा काढला आणि फोटो घेत राहिले. जॅग्वार अंगावर धावून आला तेव्हा कुत्री मध्ये पडली म्हणून ते वाचले. मग कुत्र्यांना आवरून त्यांनी त्याला त्याच्या वाटेनं जाऊ दिलं. अमेरिकेच्या रानात जिवंत जॅग्वारचे काढलेले हे पहिले फोटो मानले जातात.

त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी, टूसॉनच्या नैऋत्येला बाबोकिवारी डोंगरांत जॅक चाइल्ड्स आणि त्यांच्या सोबत्यांच्या कुत्र्यांनी दुसरा जॅग्वार झाडावर चढवला. चाइल्ड्स मोजणीदार म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, कुत्री घेऊन प्यूमामागे हिंडणं हा आयुष्यभराचा नाद. त्यांनीही चित्रण केलं, कुत्री बांधली आणि परत फिरले. पुढच्याच वर्षी, 1997 मध्ये, जॅग्वारला अमेरिकेच्या हद्दीतही संकटग्रस्त प्राणी म्हणून संरक्षण मिळालं. तोवर ते संरक्षण कागदोपत्री फक्त देशाबाहेरच्या जॅग्वारांना होतं!

2011 च्या नोव्हेंबरात पुन्हा तेच घडलं. एक शिकारी आपल्या लहान मुलीला घेऊन व्हेटस्टोन डोंगरांत प्यूमाच्या मागावर होता. कुत्र्यांनी जॅग्वार झाडावर चढवला, बापानं फोटो काढले आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवलं. तोच जॅग्वार पुढे ‘एल हेफे’ या नावानं जगभर गाजला. ज्या लोकांना शहरात बसून आपण नुसते ‘मारणारे’ म्हणतो, त्यांनी तीन वेळा हे जनावर जिवंत असल्याचा पुरावा आणून दिला आणि तीनही वेळा गोळी झाडली नाही. मला यांचं काय पडलंय, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं उत्तर कानांत आणि नाकात आहे.

आपल्याकडचं कारवानी कुत्रं नजरेवर धावतं. लातूर-सोलापूरकडे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना माहीत आहे, ससा दिसला की सुसाट. या अमेरिकन कुत्र्यांचं सगळं नाकावर. वॉकर, ब्लूटिक, रेडबोन, प्लॉट अशा त्यांच्या जाती. प्लॉट घराण्याचा मूळ पुरुष 1750 मध्ये जर्मनीहून येताना पाच कुत्री घेऊन आला असं सांगतात, आणि नॉर्थ कॅरोलायनानं 1989 मध्ये या कुत्र्याला राज्याचं कुत्रं म्हणून मान दिला. दक्षिणेतल्या दलदलीत ही कुत्री रानमांजरामागे, म्हणजे बॉबकॅटमागे सोडत. बॉबकॅट मोठं होऊन होऊन पंधरा-अठरा किलोचं, पण कुत्र्यांना रात्रभर नाचवायला तेवढं पुरतं. ते कोल्ह्यासारखं लांब पळत नाही. आपल्याच हद्दीत गोल फिरतं, स्वतःच्या मागावरून उलट येतं, पडलेल्या ओंडक्यावरून चालतं, आणि मागे वास ठेवतं तोही थोडाच. अशा मागावर टिकणारं कुत्रं घडवायला वर्षं लागतात. नुसता वेग काही कामाचा नाही, संयम हवा.

आमच्या इकडच्या कोरड्या डोंगरांत तर आणखी कठीण. बर्फ पडत असता तर ठसे आयते दिसले असते. इथे दगड, काटे आणि धूळ. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध शिकाऱ्यांबरोबर मी एकदा पहाटे गेले होते. आता ते कुणाला मारत नाहीत, कुत्र्यांना नुसतं फिरवतात. अंधार असतानाच निघायचं, कारण रात्रीचा गारवा आहे तोवरच वास जमिनीला धरून असतो आणि ऊन चढलं की उडून जातो. एका कोरड्या ओढ्याच्या वाळूत त्यांनी खेचर थांबवलं आणि खाली उतरून टोपी काढली. टोपीच्या सावलीत ठसा दाखवला: चार बोटं, नखांचा मागमूस नाही, आणि टाचेच्या गादीला मागच्या कडेनं तीन गोलसर फुगे. कुत्र्याच्या पावलाला ते तीन फुगे नसतात. ठशावरून एक बारीक रेघ आडवी गेलेली होती, कुठल्याशा किड्याची. किडे रात्री फिरतात, म्हणजे मांजर किड्याच्या आधी गेलंय, माग कालचा आहे, शिळा आहे. एवढं वाचायला त्यांना दहा सेकंदही लागली नसतील.

मग त्यांनी सगळ्यात म्हाताऱ्या कुत्रीला पुढे आणलं. ती त्या वाळूवर नाक टेकून इतकी हळू चालली की मला वाटलं हिला काही लागत नाही. दगडाजवळ थांबली, झुडपाच्या खालच्या पानाला हुंगलं, परत मागे आली. मग एकदाच लांब हेल काढून ओरडली. बाकीची कुत्री धावत तिच्याकडे गेली आणि डोंगर आवाजानं भरून गेला. भजनी मंडळात बसणाऱ्याला डोळे मिटूनही प्रत्येकाचा गळा ओळखू येतो, तसं ते मला सांगत होते: ही पुढे आहे, ही खोटं बोलतेय, तो तरुण उगाच उत्साहात आहे, आता माग कड्यावर चढला, आता हरवला. बऱ्याच वेळानं आवाज बदलला. लांब हेल संपले आणि एका जागी, एका लयीत, तुटक तुटक भुंकणं सुरू झालं. ‘झाडावर,’ एवढंच म्हणाले. दोन दऱ्या पलीकडे काय चाललंय हे मी नुसतं ऐकलं, पण त्यांना ते दिसत होतं.

हे ज्ञान कुठल्या विद्यापीठात शिकवलं जात नाही. बापाकडून पोराकडे, म्हाताऱ्या कुत्रीकडून पिल्लाकडे, असंच ते आलंय. आता कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो, हातातल्या पडद्यावर बाण दिसतो, त्यामुळे कुत्रं हरवत नाही आणि ते चांगलंच आहे. पूर्वी कुत्रं परतलं नाही तर ज्या जागी सोडलं तिथे जमिनीवर अंगातला कोट टाकून ठेवत. सकाळी बहुतेक वेळा कुत्रं त्या कोटावर झोपलेलं सापडे. पण बाण दिसायला लागल्यावर ऐकायची गरज उरत नाही.

या परंपरेची काळी बाजू मी झाकणार नाही. बेन लिली हे तिच्यातलं सगळ्यात मोठं नाव. 1856 चा जन्म, देवभोळा माणूस. रविवारी कुत्र्यांनी जनावर झाडावर चढवलं तर सोमवार उजाडेपर्यंत खाली बसून राहायचा, पण रविवारी गोळी नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या 1907 च्या लुइझियानातल्या अस्वलाच्या शिकारीत तो होता. पुढे न्यू मेक्सिकोत त्यानं गुरंवाल्यांसाठी आणि सरकारसाठी प्यूमा आणि अस्वलं मारली, आणि इतकी मारली की वाचताना पोटात गोळा येतो. सरकारचं धोरणच तसं होतं. कॅलिफोर्नियानं 1907 पासून 1963 पर्यंत प्यूमाच्या मुंडक्यामागे इनाम दिलं आणि त्यात 12,000 हून जास्त प्यूमा गेले. 1970 च्या दशकात मोठ्या ठिपकेदार मांजरांच्या कातड्यांचा व्यापार बंद झाला, तेव्हा बॉबकॅटच्या कातड्याचा भाव भडकला आणि त्याच्यामागे माणसं हात धुऊन लागली.

लिली 1936 मध्ये गेला. त्याच वर्षी मिसिसिपीत होल्ट कॉलियर गेले. गुलामगिरीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय शिकारी कुत्र्यांच्या जोरावर अस्वलं मारण्यात अव्वल होता. 1902 मध्ये रूझवेल्टसाठी त्यांनीच अस्वल कोंडलं, झाडाला बांधलं, आणि बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनं नकार दिला. ‘टेडी बेअर’ त्यातून आलं. घराघरांत ते खेळणं आहे, पण ज्याच्या कुत्र्यांनी तो माग काढला त्याचं नाव किती जणांना ठाऊक असतं? मला हे फार लागतं.

विज्ञानानंही यांच्याकडून घेतलंच आहे. मॉरिस हॉर्नॉकर यांनी 1964 मध्ये आयडाहोच्या दुर्गम डोंगरांत प्यूमाचा पहिला मोठा अभ्यास सुरू केला तेव्हा त्यांच्या जोडीला विल्बर वाइल्स नावाचे तिथलेच शिकारी होते. हिवाळ्यात पायी हिंडायचं, कुत्र्यांनी प्यूमा झाडावर चढवायचा, गुंगीचं औषध द्यायचं, झाडावर चढून जनावर दोरीनं खाली घ्यायचं, खूण करून सोडून द्यायचं. प्यूमा हरणांचा नायनाट करतो, ही समजूत त्या अभ्यासानं मोडून काढली. अनेक राज्यांत प्यूमा ‘उपद्रवी जनावर’ या यादीतून बाहेर आला, त्यामागे हे काम आहे. वाइल्सची कुत्री नसती तर ते प्यूमा हॉर्नॉकरना सापडले असते कसे?

आता ही माणसं कमी होत चालली आहेत. ओरेगॉनमध्ये 1994 ला मतदारांनी अस्वल आणि प्यूमामागे कुत्री सोडण्यावर बंदी आणली. वॉशिंग्टन राज्यानं 1996 मध्ये त्यात बॉबकॅटही घातलं. कॅलिफोर्नियात 2013 पासून अस्वल आणि बॉबकॅटमागे कुत्री सोडता येत नाहीत. कोलोरॅडोत 2024 ला प्यूमा आणि बॉबकॅटच्या शिकारीवरच बंदीचा प्रस्ताव आला होता, तो पडला. पण मला वाटतं, कायद्यापेक्षा जमिनीनं जास्त नुकसान केलंय. कुत्र्याला हद्द कळत नाही. जिथे एक गुरांचं कुरण होतं तिथे आता बंगल्यांचे तुकडे, कुंपणं आणि हमरस्ते आहेत. डझनभर कुत्र्यांना वर्षभर खाऊ घालणं परवडत नाही, आणि पहाटे तीनला उठून खेचरावर खोगीर घालायला नातवंडं तयार नाहीत.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो: तुमचं मत काय, बंदी हवी की नको? मारणं थांबावं, हे माझं ठाम मत आहे. भिंतीवर मुंडकं लावायला प्यूमा मारणं मला कधीच पटणार नाही. शिकारी म्हणतात, झाडावरचं जनावर नीट पाहता येतं, नर की मादी ते ओळखून सोडता येतं, फासात ते होत नाही. खरं आहे. पण मादीची पिल्लं दुसरीकडे लपलेली असतील तर झाडाखालून ती दिसत नाहीत, हेही खरं आहे. मात्र परवाना देऊन, पिल्लांचे महिने टाळून, बंदुकीशिवाय काही टोळ्यांना माग काढू द्यावा, आणि अभ्यासकांनी त्यांना सोबत घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. यात जनावराला त्रास होतो हे मला मान्य आहे. तरी मी या बाजूनं आहे.

कारण सांगते. जॅक चाइल्ड्स त्या 1996 च्या भेटीनंतर शिकार मागे ठेवून जॅग्वारच्याच मागे लागले. त्यांनी ब्राझीलच्या पांतानालमध्ये जाऊन त्याच्या खुणा शिकून घेतल्या आणि 2001 पासून सीमेवरच्या डोंगरांत आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधले. आपल्याकडे वाघ पट्ट्यांवरून ओळखतात तसे त्यांनी जॅग्वार ठिपक्यांवरून ओळखले, आणि काही वर्षांनी कॅमेऱ्यात आलेला ‘माचो बी’ हा 1996 मध्ये झाडावर पाहिलेलाच निघाला. 2009 मध्ये तो फासात सापडला, त्याच्या गळ्यात पट्टा बांधला गेला आणि दोन आठवड्यांत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात त्याला दयामरण द्यावं लागलं. कॅमेरे कुठे बांधायचे हे चाइल्ड्सना कळलं, कारण मांजर कुठून चालतं हे त्यांना आधी कुत्र्यांनी दाखवलं होतं. एल हेफेची विष्ठा शोधायला पुढे मायके नावाची एक कुत्री शिकवून तयार केली गेली. ती कुणाला झाडावर चढवत नाही, वास लागला की मालकाला सांगते. एल हेफे 2021 मध्ये मेक्सिकोतल्या सोनोरात पुन्हा कॅमेऱ्यात दिसला, म्हणजे तो जिवंत होता आणि सीमा ओलांडून गेला होता.

मायकेला शिकवायला माणूस लागला. पुढच्या मायकेलाही लागेल, आणि शिळा माग व ताजा माग यातला फरक कुत्र्याच्या चालीवरून ओळखणारी माणसं आता बहुतेक सत्तरीच्या पुढची आहेत. आमच्या त्या ओळखीच्या आजोबांकडे गेल्या वर्षापासून वन्यजीव शिकणाऱ्या दोन मुली येतात. एकीला प्यूमावर संशोधन करायचंय, दुसरीला कुत्र्यांची आवड आहे. ते त्यांना पहाटे ओढ्यात नेतात आणि आधी जीपीएसचे पडदे गाडीतच ठेवायला लावतात.