२०२० सालचं हॅलोवीन अंगणात: खाऊची घसरगुंडी, भोपळे आणि शेकोटी

२०२० मध्ये हॅलोवीन, म्हणजे मुलांनी भुताखेतांचे पोशाख करून खाऊ गोळा करायचा ३१ ऑक्टोबरचा सण, शनिवारी आला होता. त्या रात्री पौर्णिमा होती, त्याच महिन्यातली दुसरी, आणि रात्री २ वाजता अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली. आदल्या दिवशी, शुक्रवारी, कोजागिरी होती. साल कोरोनाच्या साथीचं असलं तरी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मराठी घरांना या दोन्ही रात्री साजऱ्या करता येण्यासारख्या होत्या. अट एवढीच की सगळं घराबाहेर व्हायला हवं होतं. ते कसं करायचं, ते असं.

सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सप्टेंबर २०२० मध्ये दिलेल्या सूचनांत नेहमीचं ट्रिक ऑर ट्रीट, म्हणजे दारात जाऊन हातातून खाऊ घेणं, जास्त धोक्याच्या यादीत टाकलं होतं. गाड्यांच्या डिकीतून खाऊ वाटणं आणि बंद जागेतली भूतघरंही त्याच यादीत होती. पिशव्या आधी भरून बाहेर मांडून ठेवणं मात्र मध्यम धोक्याचं. खरी भीती आहे ती दारात एका वेळी आठ-दहा मुलं आणि त्यांचे आईबाबा खेटून उभे राहण्याची. त्यामुळे चॉकलेटची वेष्टनं पुसत बसण्यात शक्ती घालवण्यापेक्षा ती गर्दी कशी टळेल हे बघावं. वेष्टनांसाठी खाण्याआधी हात धुतले की पुरे.

घराला पायऱ्या आणि कठडा असेल तर सगळ्यात छान उपाय म्हणजे खाऊची घसरगुंडी: वरून पाइपमध्ये सोडलेला खाऊ खाली मुलाच्या पिशवीत पडतो. हार्डवेअरच्या दुकानात पातळ भिंतीचा पांढरा ड्रेन पाइप १० फुटी लांबीत मिळतो. जाड प्लंबिंगचा घेऊ नका, उगाच जड होतो. व्यास ४ इंच हवा. ३ इंचातून छोटी चॉकलेटं जातात, पण चिप्सचं पाकीट आडवं झालं की अडकतं. गाडीत मावत नसेल तर दोन तुकडे करून कपलिंगने, म्हणजे पाइप जोडायच्या छोट्या नळीने, जोडा. इथेच बहुतेकांचं फसतं. करवतीने कापलेल्या कडेला आतून प्लॅस्टिकची कुसळं राहतात आणि वेष्टनाचा कोपरा नेमका त्यांत अडकतो. कड आतून-बाहेरून सँडपेपरने घासून घ्या आणि दोन्ही टोकं कपलिंगमधल्या कंगोऱ्याला टेकेपर्यंत दाबा. थोडी फट राहिली तरी तिथे खाऊ थांबतो. गोंद लावू नका, बाहेरून डक्ट टेप पुरते आणि नंतर पाइप सुटा करून ठेवता येतो.

उतार ठरवायचं सोपं गणित असं: वरचं आणि खालचं टोक यांच्या उंचीतला फरक पाइपच्या लांबीच्या निम्मा हवा. तेव्हा ३० अंशांचा कोन मिळतो आणि हलकी पाकिटंही न थांबता खाली येतात. पाच पायऱ्यांचा पोर्च साधारण ३ फूट उंच असतो. वरचं टोक पोर्चपासून ४ फुटांवर आणि खालचं जमिनीपासून २ फुटांवर ठेवलं की फरक बरोबर ५ फूट येतो. नुसत्या कठड्याच्या उतारावर पाइप बांधला आणि तो उतार कमी असला तर कागदी वेष्टनाचा खाऊ मध्येच बसून राहतो. वरचं टोक उचललं की काम होतं. केबल टायने निदान तीन ठिकाणी बांधा. दोनच ठिकाणी बांधला तर पाइप मध्ये झोल खातो आणि खाऊ त्या झोलात साचतो. पायऱ्याच नसतील तर ६ फुटी तुकडा घोडीशिडीला बांधा, वरचं टोक ५ फुटांवर, खालचं २ फुटांवर, आणि आपण शिडीच्या मागे उभं राहायचं. पुठ्ठ्याची नळीही चालते, पण संध्याकाळच्या दवाने ती मऊ पडते. खाऊ सोडणाऱ्याने मास्क लावायचाच. मुलं पिशवी खालच्या टोकाखाली धरतील, टोकाला हात लावायची गरज नाही. रांगेसाठी ड्राइव्हवेवर ६-६ फुटांवर खडूच्या खुणा करा. पावसाचा अंदाज असेल तर खडूऐवजी टेप.

घसरगुंडीचा खटाटोप नको असेल तर दोरी बांधा. दोन झाडांमध्ये किंवा कठड्याला ३ फूट उंचीवर दोरी ताणून खाऊच्या कागदी पिशव्या चिमट्यांनी हातभर अंतरावर लावायच्या. टेबलावर ठेवलेल्या पिशव्या वाऱ्याने उडतात आणि मुलं एकीसाठी चार चाचपतात. दोरीवर तसं होत नाही. पिशव्या हात धुऊन भरा, एका वेळी दहा-बाराच लावा आणि अंगणात कोणी नसताना पुढच्या लावा. याच दोरीवर पुढे दिवाळीच्या फराळाच्या पिशव्याही अडकवता येतील.

पिशवीत घरचा लाडू किंवा चिक्की घालायचा मोह होतो, पण इथले पालक दुकानातलं बंद पाकीट नसलेला खाऊ टाकून देतात. शाकाहारी मुलांसाठी पाकिटामागची घटकांची यादी वाचा. मार्शमेलो, बहुतेक गमीज आणि कँडी कॉर्नमध्ये प्राण्यांपासून बनणारं जिलेटिन असतं. काही पिशव्यांत खाऊच नको. खडू, स्टिकर, चमकणाऱ्या कांड्या घाला आणि दारात निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवा. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या घरी ही खूण ओळखतात. टेनेसीमध्ये २०१२ साली सुरू झालेली ही पद्धत आता देशभर पोचली आहे.

पोशाखाचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा मुखवटा म्हणजे मास्क नव्हे. त्याच्या आत कापडी मास्क घालू नका, श्वास कोंडतो. उलट दुपदरी कापडी मास्कच पोशाखाचा भाग होईल असं पात्र निवडा: निन्जा, डॉक्टर, मांजर. थंडीत श्वासाने मास्क तासाभरात ओला होतो, म्हणून खिशात एक कोरडा असू द्या. पोशाख एक माप मोठा घ्या म्हणजे आत जॅकेट मावेल. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाठीवर चमकती पट्टी लावाच.

भोपळा कोरण्याचं काम शेजाऱ्यांबरोबर अंगणात, वेगवेगळ्या टेबलांवर मस्त होतं. कोरलेला भोपळा तीन ते सात दिवस टिकतो, म्हणून हॅलोवीनच्या दोन दिवसांहून आधी सुरी लावू नका. देठाभोवती झाकण कापण्याऐवजी तळाला भोक पाडा. वरचं झाकण सुकून आकसतं आणि आत पडतं. ज्या बाजूला चेहरा कोरायचा ती भिंत आतून इंचभर जाडीची होईपर्यंत खरवडा. मग गॅलनभर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून आतून पुसा, वाळवा आणि कापलेल्या कडांना पेट्रोलियम जेली चोळा. जेली जळते, म्हणून आत मेणबत्ती न लावता बॅटरीचा दिवा ठेवा. रात्री पारा ३२ फॅरनहाइटखाली जाणार असेल तर भोपळा गराजमध्ये घ्या. एकदा गोठला की दुसऱ्या दिवशी लगदा होतो.

घारगे करायचे असतील तर हा भोपळा नको. कोरण्याचा मोठा भोपळा पाणचट आणि दोरेदार असतो. किसाला इतकं पाणी सुटतं की कणीक वाढवत जावी लागते आणि घारगे चिवट होतात. शेतावर ‘पाय पम्पकिन’ म्हणून छोटे, घट्ट गराचे भोपळे मिळतात, ते घ्या.

कोजागिरीची बैठक शेकोटीभोवती. फायर पिट घरापासून निदान १० फूट लांब, लाकडी डेकवर कधीही नाही, आणि गावाचे नियम आधी बघून घ्या. एका घरच्या खुर्च्या एकत्र, दोन घरांमध्ये ६ फूट. वाऱ्याच्या खालच्या बाजूला कोणी बसू नये, नाहीतर धुराने खोकला येतो आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. लाकूड जवळच्याच विक्रेत्याकडून घ्या. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा किडा याच दिवसांत सालीवर अंडी घालतो, राखाडी चिखल फासल्यासारखी दिसतात. त्याला रोखण्यासाठी २०२० मध्ये न्यू जर्सीच्या काही काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, क्वारंटाइन होतं, कारण लाकडाबरोबर तो नव्या गावात पोचतो. मसाला दूध एका पातेल्यातून डावाने वाढू नका. प्रत्येक घराला वेगळा थर्मास द्या. दूध ओतण्याआधी थर्मासमध्ये पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवलं की दूध बराच वेळ गरम राहतं. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे मुलांना नऊपर्यंत जागं ठेवलं तरी पुरे.

पानांच्या ढिगात उड्या मारणं हा या दिवसांतला सर्वांत सुरक्षित खेळ वाटतो, पण लाइम आजार पसरवणाऱ्या प्रौढ गोचिड्या ऑक्टोबरातच पुन्हा सक्रिय होतात आणि त्यांना ओली पानं आवडतात. ढीग झाडीच्या कडेला न लावता उन्हातल्या हिरवळीवर लावा आणि विजार मोज्यांत खोचा. घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर फिरवा, मग धुवा. नुसत्या धुण्याने गोचिड्या मरतीलच असं नाही. मग गुडघ्यामागे, काखेत, कानामागे आणि केसांच्या कडेला बोटांनी चाचपून बघा. गोचीड सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. पिरगळू नका, तेल किंवा जळती काडी लावू नका.