दिवसातून दोन मेसेज

अमेरिकेत माझ्या ऑफिसात एक मैत्रीण आहे, ब्लॅक आहे, आमची डेस्कं शेजारी शेजारी. तिच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट तिने मला खूप उशिरा सांगितली. सिझर झालं होतं, शेवटच्या महिन्यात बीपी वर गेलेलं, घरी सोडताना कागदावर लिहून दिलं की आठवड्याभरात बीपी दाखवून जा. आता टाके ओले, गाडी चालवायची नाही, नवऱ्याची सुट्टी संपलेली, तान्ह्या बाळाला घेऊन दोन बस बदलत जायचं कसं, नाही गेली ती. सहाव्या की सातव्या दिवशी डोकं प्रचंड ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे, फोन केला तर पलीकडून उत्तर आलं की झोप होत नसेल, पाणी प्या, आराम करा. रात्री शेवटी शेजारणीने इमर्जन्सीत नेलं तेव्हा वरचं बीपी १९० च्या पुढे होतं. वाचली. पण नंतर कधीतरी तिने स्वतःचं रेकॉर्ड उघडलं तर त्या चुकलेल्या अपॉइंटमेंटपुढे दोनच शब्द होते, नो शो, म्हणजे आलीच नाही.

ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. वाचणाऱ्याला वाटणार हिनेच दुर्लक्ष केलं. ओले टाके आणि दोन बस त्यात कुठेच नाहीत.

अमेरिकेत २०२३ साली दर १ लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय बायका गरोदरपण-बाळंतपणात गेल्या, गोऱ्या बायकांमध्ये हाच आकडा १४.५. सरकारी आकडे आहेत हे, तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे, सीडीसीचे. शिक्षणाने फरक पडत असेल असं मलाही वाटायचं, पण पदवीधर कृष्णवर्णीय बाईलाही पदवीधर गोऱ्या बाईपेक्षा कितीतरी पट जास्त धोका आहे. आणि गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त बाळंतपणानंतर एक आठवडा उलटल्यावर, पुढच्या वर्षभरात होतात, म्हणजे बाई घरी आलेली असते, पाहुणे बाळ बघायला येत असतात, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार, बाळ झालं की संपला असं बऱ्याच जणींना वाटतं, पण तो नंतरही उसळी मारतो, म्हणून तर ते आठवड्यातलं बीपी बघणं इतकं महत्त्वाचं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते सांगते. फिलाडेल्फियात पेन मेडिसिनच्या, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांतल्या, डॉक्टरांनी हार्ट सेफ मदरहुड नावाचा एक उपक्रम केला. बीपी वाढलेल्या बाळंतिणीला घरी जातानाच बीपीचं मशीन हातात द्यायचं, मग रोज दोनदा तिच्या फोनवर साधा एसएमएस येणार, तिने आकडा टाइप करून पाठवायचा, दोन आठवडे, बस. आकडा फार वर असला तर डॉक्टरला लगेच कळणार. २०६ बायकांवर त्यांनी अभ्यास केला, निम्म्यांना नेहमीसारखं दवाखान्यात बोलावलं आणि निम्म्यांना मेसेज. दवाखान्यात बोलावलेल्यांपैकी कृष्णवर्णीय बायकांमधल्या साधारण ३३ टक्केच पोचल्या, बाकीच्यांमधल्या ७० टक्के. आणि मेसेजवाल्यांमध्ये आकडा पाठवणाऱ्या? ९३ आणि ९१ टक्के. फरक उरलाच नाही! मी तो तक्ता तीनदा वाचला. बायका त्याच शहरातल्या, आजार तोच, काळजीही तेवढीच होती, मधला रस्ता तेवढा काढून टाकला. इतकी वर्षं ‘या बायका येत नाहीत’ म्हणून ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांनी घरबसल्या उत्तर दिलं.

आणि हे सगळं एसएमएसवर, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ॲप म्हटलं की डाउनलोड आलं, ईमेल आला, पासवर्ड आला, तो विसरणं आलं, डेटा आला. प्यू रिसर्चच्या २०२१ च्या पाहणीत स्मार्टफोन गोऱ्यांकडे ८५ टक्के आणि कृष्णवर्णीयांकडे ८३ टक्के, जवळजवळ सारखेच, पण घरी ब्रॉडबँड ८० आणि ७१. म्हणजे फोन आहे, पण त्यावर व्हिडिओ कॉल नीट चालेलच असं नाही. केंद्र सरकारची एक योजना होती, इंटरनेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरची सूट मिळायची, २ कोटी ३० लाखांहून जास्त घरं त्यात होती, २०२४ मध्ये पैसे संपले आणि ती बंद पडली. आरोग्याच्या चर्चेत या योजनेचं नावही कोणी घेत नाही, मला मात्र ती आरोग्याचीच योजना वाटते.

मागच्या वर्षी मैत्रिणीला दुसरं बाळ झालं, वेगळ्या हॉस्पिटलात, आणि तिथे असाच मेसेजवाला प्रकार होता. मी चौथ्या दिवशी डबा घेऊन गेले तर टेबलावर मशीन, आणि ती दंडाला पट्टा लावायला धडपडतेय, वेल्क्रो सारखं चर्र करून सुटतंय. पट्टा लहान होता. लहान पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो, हे तिला नर्सने फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मोठा पट्टा पाठवला. एवढीशी गोष्ट, पण मशीन देताना दंड मोजायला हवा होता ना!

मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये हे पल्स ऑक्सिमीटरने शिकवलंच आहे. बोटाला लावायचा तो चिमटा प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजतो आणि त्वचेला रंग देणारं मेलॅनिन त्या प्रकाशाच्या आड येतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की रक्तात ऑक्सिजन खरंच कमी असताना चिमटा ‘ठीक आहे’ म्हणतो, असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. ऐन कोविडमध्ये! लोक घरात त्याच आकड्याकडे बघत बसले होते, दवाखान्यात जायचं की नाही ते त्यावरून ठरवत होते. तेव्हा फोनला जोडायचं कुठलंही नवीन यंत्र आलं की ते कोणाकोणाच्या अंगावर तपासलंय हा प्रश्न मी तरी आधी विचारते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तिने १६४/११० पाठवलं. उत्तर आलं की पाच मिनिटं शांत बसा आणि परत मोजा, परत तेवढंच, आणि मग फोन वाजला, डॉक्टरचा. तिने डोकं दुखतंय म्हटल्यावर पाणी प्या असं कोणी म्हणालं नाही. त्याच रात्री औषध सुरू झालं. ती मला म्हणाली, या वेळी मला काही पटवून द्यावं लागलं नाही गं, आकडाच बोलला. हे ऐकून मला बरंही वाटलं आणि रागही आला, कारण पहिल्या वेळी तिने तोंडाने सांगितलं होतंच की.

दोन आठवडे झाले आणि मेसेज थांबले. वर्षभराचा धोका आणि मेसेज दोन आठवडे, हे मला अजूनही पटत नाही. पट्टा मात्र तिच्याकडेच आहे, ती दर रविवारी सकाळी बीपी मोजते आणि आकडा मला पाठवते. काल आला, १२४/७८.