सोडियम संपलं की ग्रह दिसायला लागतो

नो मॅन्स स्काय हा अंतराळात ग्रहामागून ग्रह धुंडाळायचा गेम खेळतो म्हटलं की समोरचा पहिल्यांदा ग्रहांचा आकडाच काढतो, सो तो आधी उरकून टाकू. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. आपल्या जुन्या मोजणीत साधारण १८४ परार्ध. २ चा ६४वा घात आहे तो, ६४ बिटमध्ये जेवढे वेगवेगळे आकडे बसतात तेवढे ग्रह, इतका साधा हिशोब. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी ती राजाची गोष्ट लहानपणी ऐकली असेल ना, त्या पटावरचे सगळे दाणे मिळून याच्यापेक्षा बरोब्बर एक कमी भरतो. सेकंदाला एक ग्रह बघत सुटलात तरी ५८ हजार कोटी वर्षं लागतील आणि आपल्या खऱ्या विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं, त्यामुळे 'सगळे बघून झाले का रे' हा प्रश्न इथेच बाद.

पण खरं सांगू का, या गेममधली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट कुठली असेल तर हा आकडाच. २०१६च्या ऑगस्टमध्ये गेम आला तेव्हा सगळी हवा याच आकड्याची होती आणि आपटला तोही त्याच्याच ओझ्याखाली. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची हॅलो गेम्स ही छोटीशी टीम, शॉन मरे त्यांचा म्होरक्या, २०१३ला पहिला ट्रेलर दाखवल्यापासून लोकांनी मनातल्या मनात काय काय रचून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी दोन प्लेअर ठरवून एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसेचनात. मग जो काही राडा झाला तो झाला, तिथल्या जाहिरात नियामकाकडे तक्रारीही गेल्या, त्यांनी चौकशी करून त्या फेटाळल्या. पुढे वर्षानुवर्षं फुकट अपडेट येत राहिले आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात लोकांच्या रिव्ह्यूंमध्ये जो गेम 'ओव्हरव्हेल्मिंगली निगेटिव्ह' होता तो २०२४च्या शेवटी 'व्हेरी पॉझिटिव्ह'वर आला. ही कथा सगळ्यांनी शंभरदा सांगून झालीये, मी नाही परत सांगत बसत.

मला बोलायचंय ते ग्रहांबद्दल.

हे ग्रह कुठेही ठेवलेले नाहीत. सर्व्हरवर नाहीत, तुमच्या हार्ड डिस्कवर पण नाहीत. प्रत्येक ग्रहाचा एक पत्ता असतो, पत्ता म्हणजे एक आकडा, तो फॉर्म्युल्यात टाकला की डोंगर कुठे, दरी कुठे, गवताचा रंग कुठला, आकाश हिरवं की गुलाबी हे सगळं त्यातून बाहेर पडतं. तोच आकडा टाकला की दरवेळी तोच ग्रह, म्हणून तुम्ही पुण्यात बघितलेली टेकडी टोरोंटोतल्या माणसालाही जशीच्या तशी मिळते. तुम्ही उडून गेलात की ती पुसली जाते, परत आलात की परत मांडली जाते. या सगळ्याच्या मुळाशी आहे नॉइज, म्हणजे गणिती गोंधळ पण गुळगुळीत केलेला, शेजारशेजारचे आकडे एकदम उड्या न मारता हळूहळू चढणारे-उतरणारे. केन पर्लिन यांनी १९८३ला ही युक्ती काढली आणि त्यासाठी १९९७ला त्यांना ऑस्करवाल्या अकॅडमीचं टेक्निकल अवॉर्ड मिळालं. एकावर एक असे बरेच थर रचायचे, मोठ्या लाटांवर छोट्या लाटा, त्यावर अजून छोट्या, की डोंगररांग तयार.

आयडिया तशी नवी अजिबात नाही. १९८४ला 'एलीट' नावाचा गेम आला होता, ३२ केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन कॉलेजच्या पोरांनी केलेला. ३२ केबी म्हणजे आज व्हॉट्सॲपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षाही कमी. त्यात ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले होते, नावांसकट, तिथल्या राज्यकारभाराच्या प्रकारासकट. मेमरी नव्हती म्हणून गणित वापरलं, बास. आज मेमरी पोत्याने आहे तरी गणितच वापरतो कारण १८४ परार्ध ग्रह हाताने रंगवणारा आर्टिस्ट आणायचा कुठून.

एक मजेशीर गोष्ट यातूनच येते. ग्रह फुकट आहे पण तुम्ही त्याला मारलेला खड्डा फुकट नाही. डोंगर हा फॉर्म्युल्यातून येतो पण त्यात तुम्ही पोखरलेली खोली फॉर्म्युल्याला माहीत नसते, ती वेगळी लिहून ठेवावी लागते, आणि लिहायला जागा मर्यादित. म्हणून खोदकाम फार झालं की जुनी भुयारं परत मातीने भरून यायला लागतात. जमिनीखाली मोठा महाल बांधायचा विचार असेल तर आधीच सांगतो, गुहा शोधा आणि तिच्यात बांधा. फॉर्म्युल्याने दिलेली गुहा कधी बुजत नाही.

आता मुख्य तक्रार. "सगळे ग्रह सारखेच वाटतात." बरोबर आहे, वाटतात. केट कॉम्प्टन या प्रोसिजरल जनरेशनवर, म्हणजे अशा फॉर्म्युल्याने गोष्टी बनवण्यावर, काम करणाऱ्या बाईंनी याला फार मस्त मांडलंय, की मी ओटमीलच्या दहा हजार वाट्या बनवू शकते, प्रत्येक वाटीतला प्रत्येक दाणा गणिताच्या दृष्टीने वेगळा असेल, पण खाणाऱ्याला दिसणार फक्त खूप सारं ओटमील. इथे तर अख्खा ग्रह एकाच प्रकारचा असतो, बर्फाळ तर सगळा बर्फाळ, विषारी तर विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत विषारी. ग्रह सूर्याभोवती फिरत पण नाहीत, जागच्या जागी लटकलेले. भूगोलाच्या सरांनी बघितलं तर छडी घेऊन मागे लागतील.

पण माझं म्हणणं असं आहे की सारखेपणा हा ग्रहांचा दोष कमी आणि आपल्या खिशाचा जास्त. म्हणजे बघा, गेम सुरू होतो तेव्हा तुम्ही कुठल्यातरी टुकार ग्रहावर पडलेले असता, शिप बंद, सूटचं हॅझर्ड प्रोटेक्शन, म्हणजे थंडी-उष्णता-विषापासूनचं कवच, उतरतंय, आणि ते भरायला सोडियम लागतं. सोडियम पिवळ्या झाडात मिळतं. ऑक्सिजन लाल फुलात. इंधनासाठी डायहायड्रोजन, त्याचे निळे स्फटिक. अशा वेळी तुम्ही जमिनीकडे ज्या नजरेने बघता ना ती नजर नंतर जाते. टेकडीमागे पिवळं काही चमकतंय का, त्या कड्याखाली गुहा असेल का, शिपपासून किती लांब आलो आणि परत जायला पुरेल का. दगड म्हणजे डेकोरेशन उरत नाही, फेराइट असतो, म्हणजे कच्चा माल. मग शंभर तास खेळून झाले की टॉप क्लासचे अपग्रेड, कोट्यवधी युनिट्स म्हणजे गेममधले पैसे, सगळं बॅगेत भरलेलं, आणि ग्रह म्हणजे खिडकीबाहेरचा वॉलपेपर होतो. तेव्हा मग माणूस म्हणतो सगळे सारखेच आहेत. अरे तू आता बघतोच कुठेयस त्यांच्याकडे!

सर्व्हायव्हल सेटिंगवर एकदा एका बर्फाच्या ग्रहावर उतरलो होतो, नेहमीचाच पांढरा-निळा, स्क्रीनशॉट काढावा असं काहीही नाही. शिपपासून बऱ्यापैकी लांब आलो आणि वादळाची वॉर्निंग आली. तापमान धडाधड खाली, समोरचं दिसेना, फक्त पांढरं, आणि सोडियम शून्य. शिपकडे पळणं शक्य नव्हतं. टेरेन मॅनिप्युलेटर, म्हणजे जमीन खोदायचं यंत्र, काढला आणि उभा होतो तिथेच तिरका खड्डा मारत आत शिरलो, जमिनीखाली गेलं की वादळ लागत नाही. पाच-सहा पावलं आत गेल्यावर भिंत फुटून पलीकडे आपोआप बनलेली गुहा उघडली, खोल, जांभळट उजेडाच्या झाडांची, छतावरून कोबाल्टचे सुळके लोंबतायत. ही गुहा कोणी माझ्यासाठी ठेवली नव्हती. कुठल्या डिझायनरने 'इथे प्लेअर घाबरेल मग त्याला गुहा देऊ' असं लिहिलं नव्हतं. नुसता नॉइजचा एक थर शून्याखाली गेला होता तिथे. हाताने बनवलेल्या गेममध्ये मला कायम कोणीतरी आधी येऊन सगळं आवरून गेल्यासारखं वाटतं, इथे तसं वाटत नाही आणि मला नेमकं तेच आवडतं. बाहेर वादळातच उगवणारे स्टॉर्म क्रिस्टल चमकत असतात, चांगल्या भावाला जातात, म्हणून मधेच बाहेर धावायचं, एक उपटायचं, परत आत. हावरटपणाला गेममध्ये जागा हवी.

प्राण्यांचं पण तसंच. व्हायझर म्हणजे स्कॅन करायचा चष्मा लावला की लांब प्राण्यावर लाल ठिपका दिसतो, स्कॅन केला की हिरवा. ग्रहावरचे सगळे प्राणी शोधले की नॅनाइट्सचं (गेममधलं दुसरं चलन) घसघशीत बक्षीस मिळतं, आणि नेहमी, नेहमी म्हणजे नेहमी, एक शेवटचा राहतो. कधी तो फक्त रात्री निघतो, कधी पाण्यात, कधी जमिनीखाली. मग तीन पायांच्या कुठल्यातरी चिचुंद्रीसाठी तुम्ही गुहेमागून गुहा पालथ्या घालता. प्राणी बनतात ठरलेल्या सांगाड्यांवर वेगवेगळी डोकी-शेपट्या बसवून, त्यामुळे ध्यानं फार निघतात, पण आवाज ऐका त्यांचे. ऑडिओवाल्या पॉल वेअर यांनी त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर वापरलं होतं, प्राण्याच्या घशाचं मॉडेलच, त्यामुळे मोठं धूड असेल तर आवाज खर्जात. हेडफोन लावून खेळा, टीव्हीच्या स्पीकरवर यातलं काही कळत नाही.

ग्रहाला नाव द्यायचं काम माझ्या भाच्याला फार आवडतं. तो सुट्टीत आला की पहिले विचारतो, "मामा, याच्यात बॉस कुठाय?" बॉस म्हणजे शेवटी हरवायचा तो मोठा व्हिलन. मी म्हटलं बॉस नाहीये रे, हा ग्रह आहे ना तोच बॉस. "मग जिंकायचं कसं?" यावर मी जे उत्तर दिलं ते त्याला अजिबात पटलं नाही, पण नाव ठेवायला मिळतंय म्हटल्यावर बसला. आमच्याकडे आता एक नारिंगी, कोरडा, पाण्याचा थेंब नसलेला ग्रह आहे, त्याचं नाव आटपाडी. एक कायम ॲसिडचा पाऊस पडणारा हिरवा ग्रह आहे, तो आंबोली. रोमन अक्षरांतच टाकलंय, पण उद्या फिनलंडचा कोणी तिथे उतरला तर त्याच्या स्क्रीनवर आटपाडी येणार. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, मूळची आटपाडीचीच सून, ती म्हणाली आमच्याकडे आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, नाव बदला. बदललं नाही अजून.

तर खेळायचंच असेल तर एक करा. २०२२च्या वेपॉइंट अपडेटपासून डिफिकल्टीतली एकेक गोष्ट वेगवेगळी ठरवता येते, त्यात हॅझर्ड आणि इंधनाचा खर्च वाढवून ठेवा, आणि वस्तू विकत घेणं महाग करा. लढाई नको असेल तर ती खुशाल सोपी ठेवा, मी ठेवलीये, सेंटिनलशी, म्हणजे ग्रहांवर पहारा देणाऱ्या रोबोंशी, मारामारी करण्यात मला काडीचा रस नाही. आणि जिथे बेस बांधला तो ग्रह आता सहसा बदलत नाही. सुरुवातीच्या वर्षांत फॉर्म्युला बदलला की लोकांचे हिरवेगार ग्रह एका रात्रीत वाळवंट व्हायचे, कारण ग्रह साठवलेला नव्हताच ना कुठे. म्हणून २०२५च्या वर्ल्ड्स पार्ट टू अपडेटमध्ये त्यांनी जुन्यांना हात न लावता जांभळ्या ताऱ्यांच्या नव्याच सिस्टीम टाकल्या, त्यात गॅस जायंट म्हणजे गुरूसारखे वायूचे अवाढव्य ग्रह आहेत, खूप खोल समुद्र आहेत. तिकडे जायला शिपला अटलांटिड ड्राइव्ह नावाचा खास भाग लागतो आणि तो मिळवायला लांबलचक क्वेस्ट लाइन, म्हणजे एकामागून एक कामगिऱ्या, पूर्ण करावी लागते, जी मी आळसाने अर्धवट टाकलीये. दिवाळीत भाचा यायच्या आत संपवायला हवी, गॅस जायंटचं नाव त्याने आत्ताच ठरवून ठेवलंय आणि ते मला सांगायला तो तयार नाही.